काचेखालच्या कामट्या

प्रिय भाऊ,

उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने मी नागपूरला निघाले आहे. फोटो-फ्रेमिंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा आहे. हसू नका! फ्रेम बनवायचीही परीक्षा असते, हे तुम्हाला सांगितलं असतं तर बिडी विझवून विचारलं असतंत, "आन् नापास झालं तं फ्रेम भितीवरून पडते का वं?" अभ्यास करताना एका पानावर अडकले आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय ते पान उलटेना, म्हणून हे पत्र.

सगळं गाव तुम्हाला भाऊ म्हणायचं, म्हणून मी पोटची पोर असून भाऊच म्हणत राहिले. बाबा म्हणायचं राहूनच गेलं.

पान झेरॉक्स केलेल्या नोट्समधलं आहे. 'काच चित्राला टेकू देऊ नये, मध्ये बारीक पट्टी ठेवावी.' त्या पट्टीला स्पेसर म्हणतात म्हणे. मी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. भाऊ, या तर तुमच्या कामट्या!

आपण तळ्यावरची माणसं. मासे धरायचे सापळे विणता विणता तुम्ही ब्रह्मपुरीच्या बस स्टँडजवळ फ्रेमचं दुकान टाकलंत, पण बांबू काही सुटला नाही. कामटी तासून तासून गवताच्या काडीएवढी करायची आणि काचेखाली चारही कडांना बसवायची. "आपली मातीची घरं. पावसाळ्यात भित ओल धरते. काच टेकली का फोटो चिकटलाच समज. मधात हवा पायजे." किती वेळा सांगितलं असेल? पण मी सहा आठवड्यांचा नागपूरचा क्लास करून आले आणि मला त्या फटीची लाज वाटायला लागली. "भाऊ, काम टाइट पाहिजे. हे गावठी दिसते," असं मी गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. एकदा तरी कान धरायचा ना माझा!

आणि तो दिवस. कॉलेजातले एक सर फ्रेम न्यायला आले होते. "काम छान आहे, कुठे शिकलात?" तुमच्यासमोर मी म्हणाले, "नागपूरला." तुम्ही खाली बसून कामटी तासत होतात. मान वर केली नाहीत. सर गेल्यावर एवढंच म्हणालात, "चहा सांगू का तुले?" तो चहा मी प्यायले. त्याची आजही शरम वाटते.

मग तुम्ही गेलात, भर श्रावणात. तेरवीला पाटावर ठेवायला फोटो हवा होता आणि तुमचा धड फोटो एकच, दुकानासमोर उभं राहून काढलेला. गावभरच्या फोटोंना फ्रेम लावणाऱ्या माणसाचा एकच! फ्रेम मीच केली. काच धुतली, घाईत नीट पुसली नाही, कामट्या घातल्या नाहीत, टाइट ठोकली. सगळे म्हणाले, किती सुबक झाली. दोन पावसाळे गेले. आता तुमच्या गालावर एक चकाकता डाग आहे. फोटो काचेला चिकटलाय, भाऊ.

प्रॅक्टिकलला घरची एक जुनी फ्रेम न्यायची असते. ती उघडायची आणि आतल्या चित्राला धक्का न लावता पुन्हा बसवायची. मी तुमचीच नेणार होते. वाटलं, तिथे जाणकार असतील, तुम्हाला सोडवता येईल. चिकटलेला फोटो ओढू नये, असं नोट्समध्ये साफ लिहिलंय, तरी परवा मागचे खिळे काढायला घेतलेच. आईने हात धरला. "राहू दे वं बाई. चेहरा फाटला तं मी कोनाले पाहू?"

मी खिळे परत बसवले.

आज दुपारी तुमचा फोटो आहे त्याच भिंतीवरची दुसरी फ्रेम उतरवली. मला पहिलीत घातलंत तेव्हा तुम्ही केलेली, दोन वेण्यांची मी. वीसेक पावसाळे तिने त्या ओल्या भिंतीवर काढले. मागचा पुठ्ठा काढला आणि फोटो अलगद हातात आला. एक डाग नाही! कडेला चारही कामट्या शाबूत. तुम्ही मला इतकं जपलंत आणि मला तुमचा एक फोटो सांभाळता आला नाही. किती वेळ तशीच बसून रडले.

उद्या हीच फ्रेम नेते आहे. बाजारात आता प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात, पण परत बसवताना मी याच कामट्या घालणार. मार्क कापले तर कापू देत. फॉर्मवर 'प्रशिक्षण कोठे घेतले' या रकान्यात नागपूरचा क्लास लिहून बसले आहे, तो फॉर्म काही आता परत मिळायचा नाही. पण तोंडी परीक्षेत कोणीतरी विचारेलच, "कुठे शिकलात?"

या वेळी उत्तर चुकणार नाही, बाबा.

तुमची,
शोभा