इंजिनापासून लांबची जागा

ती. बेनेडिताताईस, धाकट्या ओझियासचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम. दाढी वाढली आहे, इतकंच.

तुझ्या भावजयीच्या, इरासिल्डाच्या घोरण्याला कंटाळून मी सांतारेंगचं घर कायमचं सोडलं, हे तुला ठाऊकच आहे. (निघताना ती एवढंच म्हणाली, "जा, ताईकडे सुखानं झोपा," आणि मासे साफ करत बसली.) तू मनाउसला माझ्यासाठी मागची खोली रिकामी केलीस, हे उपकार मी विसरणार नाही. निदान बोटीत तरी शांत झोप लागावी म्हणून बोट सुटायच्या आदल्या दिवशीच जाऊन मी झोपायची झोळी टांगली. अगदी पुढे, इंजिनापासून लांब, संडास आणि स्वयंपाकघर दोन्ही टाळून. झोळीत तिरपं निजावं लागतं हे तुला सांगायला नको. पण पुढे डोकं केलं की वारा कानात शिरे, मागे केलं की शेजारच्या झोळीतल्या नाझिल्डाबाईंचे पाय नाकाशी येत. (बाई आपल्या बाजारात मासळी विकतात, मनाउसला लेकीकडे चालल्या आहेत.) मी पुन्हा दोर सोडायला लागलो तशा त्या म्हणाल्या, "अहो काका, झोळी टांगताय की घर बांधताय?"

अखेर दिशा जमली. वारा मंद, बोट धक्क्याला, आवाज कसलाच नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी बोट सुटली. मी झोळी मधे नेली, मग कठड्याशी नेली, आणि शेवटी वैतागून जिथे कुणीच टांगत नाही तिथे, थेट इंजिनाच्या डोक्यावर टांगली. फळ्या थरथरत होत्या, संडासाचं दार सारखं आपटत होतं. मी मेल्यासारखा झोपलो. सकाळी नाझिल्डाबाई कॉफी घेऊन उभ्या. "एवढ्या गोंगाटात झोपेत हसत होतात! घरी कोण घोरतं हो तुमच्याकडे?"

कुणी नाही म्हणालो. पण ताई, तिची इतकी आठवण आली की कॉफी हातातच गार झाली.

घरात सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा,
ओझियास

ता. क. मला बंदरावर शोधत बसू नकोस. मी वाटेत पारिन्तिन्सलाच उतरलो आहे, परतीची बोट परवा दुपारी आहे. हे पत्र नाझिल्डाबाई आणून देतील. (फोनवर तू ओरडतेस.)

आणखी एक. इरासिल्डाला कळव की खोलीचं छप्पर गळतं, म्हणून तूच मला परत पाठवलंस. आणि घरच्या शेजाऱ्यांना फोन केला तेव्हा आत्ताच कळलं, ती घोरणं थांबवायला कसलासा काढा घेते आहे. काहीही कारण सांग, पण तो काढा मी पोचायच्या आत ओतून टाकायला लाव.