तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

प्रिय बाबा,

आज कंपनीत जे झालं ते तुम्हालाच सांगायचं होतं. घरी आले, तर तुमची खुर्ची रिकामी. म्हणून लिहायला बसले.

ते इंग्लंडचे इंजिनियर साहेब आठवतात? मागच्या वर्षी हिंगण्याला आमच्या कंपनीत मशीन बसवायला आले होते, मी त्यांना घरी जेवायला आणलं होतं.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात तुम्ही फिटर होते. बाहेरचा साहेब काही सांगू लागला की तुमचं ठरलेलं, "सर, वन मोर टाइम." मग ऐकलेलं मोडक्यातोडक्या इंग्रजीत परत म्हणून दाखवायचे, खडूनं फरशीवर चित्र काढायचे. साहेबानं मान डोलावल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाही. किती रंगवून सांगायचे तुम्ही हे सगळं!

आम्ही शिकलेले मात्र हसून "येस, येस" म्हणणारे. परत विचारलं तर इंग्रजी कच्चं आहे हे कळेल ना सगळ्यांना.

त्या दिवशी जेवता जेवता साहेब काहीतरी भरभर सांगत होते. मी हसून माना डोलवत होते. तुम्ही हातातला घास थांबवून विचारलं. परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी पाहुण्यासमोरच चिडले, "बाबा, राहू द्या ना आता. काहून माझी लाज काढता?"

साहेब गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणाले, "मले वाटलं, तो त्याच्या बापाचं काही सांगून राहिला वं."

"काही नाही, असंच हवापाण्याचं," मी म्हटलं. मला तरी कुठे समजलं होतं?

आज साहेब परत आले. तुम्ही गेल्याचं सांगितलं तर बराच वेळ बोलत राहिले. "येस" अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलणं तुमच्याबद्दल होतं, ते कसं सोडून देऊ? सगळ्या ऑफिससमोर त्यांना थांबवलं, सावकाश सांगायला लावलं. समजलं तेवढं परत म्हणून दाखवलं. एका ठिकाणी चुकले, त्यांनी दुरुस्त केलं.

बाबा, साहेबांना तुमचं ते परत परत विचारणं आठवत होतं. त्या दिवशी ते त्यांच्या वडिलांबद्दलच सांगत होते. नुकतेच वारले होते ते. आणि मी हसत होते.

साहेबांची माफी मागितली, त्यांनी मोठ्या मनानं केलं माफ. तुमची कुठे येऊन मागू?

यापुढे समजलं नाही तर विचारीन. चारचौघांत विचारीन. कोणी हसलंच, तर सांगीन की मी खापरखेड्याच्या फिटरची पोरगी आहे.

तुमचीच,
सुमी