खारवलेलं अंगण

ऐरोली गाव, फाल्गुन, १९८४

तीर्थस्वरूप दादास शेवंताचा पाया पडून नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत, फक्त अंगणाची तब्येत बरी नाही.

झालं असं, की माझ्या वैजयंतीची हळद आमच्या दारात व्हायची, म्हणून तुझ्या मेहुण्यांना अंगण पक्कं करायचा झटका आला. सारवलेली जमीन नको, काँक्रीट हवं! तेही टाकाऊ मालाचं. कंपनीवाले भट्टीची राख आमच्याच खाडीकाठी ओततात (वर उपकार केल्यासारखे बघतात), ती यांनी पाट्या भरभरून आणली. फुटक्या विटांचा चुरा केला. कळंबोलीच्या ट्रकवाल्यांकडचे झिजलेले टायर आणून माझ्या कोयत्याने बारीक कापले (अजून त्याचा रबराचा वास जात नाही). इथवर ठीक होतं. पण या माणसाचा जन्म गेला मिठागरावर. सिमेंट कालवताना म्हणतात कसे, "सुकी मासळी मिठानं वरीसभर टिकते, मग अंगान का नाय टिकनार?" आणि ओतलं की गोणीभर मीठ!

लादी कडक झाली, खोटं कशाला बोलू. पण खाडीचा दमट वारा सुटला की तिला घाम फुटतो, उन्हात पांढरी पुटं चढतात, आणि गावातल्या यच्चयावत बकऱ्या चाटायला हजर. हाकलल्या तर त्यांच्या मालकिणी मलाच म्हणतात, चाटू दे की, तुझं काय जातं!

परवा सोयरे आले. विहीणबाई नवं लुगडं नेसून अंगणात बसल्या आणि उठल्या त्या मागून पांढऱ्याफटक. त्यात एक बकरी त्यांचा पदर चाटायला लागली. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हळदीला मान्सं नाचवनार का बकऱ्या? जागा बदला, नायतर लगीन राहू द्या." वैजू आत जाऊन रडली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण जमीन काँक्रीटची! तेव्हा हळद तुझ्या दारात करू. तुला अक्कल आहे, तू सारवलेलंच ठेवलंस.

तुझी बहीण,
शेवंता

ता. क. – वरचं राहू दे. हळद इथेच करायची. शेत नव्या शहरासाठी सरकारात गेल्यापासून या माणसाने एवढ्या हौसेने काही केलं नव्हतं रे. काल पहाटे एकटेच लादी पुसत बसले होते, मला बघून फडकं लपवलं.

पुन्हा ता. क. – तू मुलीचा मामा, तुझा शब्द विहीणबाई मोडणार नाहीत. चार माणसं घेऊन हळदीच्या आधीच ये, विहीणबाई आल्या की त्यांच्यादेखत लादीवर मांडी घालून बस आणि असं अंगण पंचक्रोशीत नाही म्हणून मोठ्याने सांग. धोतर जुनं नेसून ये.