शिट्ट्या आल्या

वाशीम, पौष १९३६. सोमवार, दिवेलागण.

चोऱ्या वाढल्या म्हणून नगरपालिकेने सरकारकडे जादा पहारेकरी मागितले होते. आज अनुदान मंजूर होऊन आलं, ते फक्त शिट्ट्यांसाठी. सोबत चकचकीत पितळी शिट्ट्याही पाठवल्या. अर्ज मीच लिहिला होता. पुन्हा काढून वाचला. माणसंच मागितली आहेत मी.

बाजारातला पहारेकरी गणपत कचेरीत बसून शिट्टी फुंकत होता. म्हाताऱ्याला दात नाहीत, नुसती हवा निसटते. मला हसू आलं. कायले हसलो मी?

तेवढ्यात सरूबाई आली. एकटी राहते, मागच्याच आठवड्यात तिची भांडी चोरीला गेली. टेबलावरची शिट्टी उचलून म्हणाली, "बाबूजी, हे वाजवली त धावून येईन कोन?"

मी गणपतकडे पाहिलं. तो अजून फुंकतच होता.