बॅटीला लागलेल्या मुंग्या

६ जून

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी संतापलेली आहे. हे आधीच लिहिते, म्हणजे तुला ओळींच्या मध्ये शोधत बसायला नको. माझ्या टेबल टेनिसच्या बॅटीचं लाल रबर टोकाशी सुटलं आहे आणि कडेच्या लाकडाचा टवका उडाला आहे. टेबलाच्या काठावर आपटली. टवका सोबतच्या पुडीत आहे, हरवू नकोस.

क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, आजी, नवी घ्या. मी त्याला विचारलं, तुमच्या चष्म्याची काडी तुटली तेव्हा डोळे नवे घेतलेत का? तो खुर्च्या मोजायला निघून गेला. या बॅटीच्या मुठीवर तीस वर्षांत माझ्या अंगठ्याचा खळगा पडला आहे. तो कोणत्या दुकानात मिळतो ते त्याने सांगावं.

तू चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधलीस. लहानपणी आपल्या दोघांत एकच बॅट होती आणि ती चिकटवायचं काम तुझंच असायचं. तुझ्या बायकोने कळवलं, की मनगटाचं प्लास्टर निघून चार महिने झाले तरी तू उजवा हात खिशात घालून बसतोस आणि पुस्तकं दाबायच्या तुझ्या शिकंजावर आता टॉवेल वाळतात. हात चालवला नाही तर तो असाच आखडून राहील, असं डॉक्टर म्हणतात. ते तुझं तू बघ. मला बॅट वीस तारखेच्या आत हवी. दातांच्या डॉक्टरीणबाईंशी सामना आहे.

लोभ आहे, पण सध्या रागाखाली आहे.

तुझी ताई

१० जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

सांगतो आहे मी, लिहिते आहे ही. माझा हात कामातून गेला हे माहीत असून बॅट पाठवणं म्हणजे टकल्याला फणी धाडण्यासारखं आहे. काल चहाचा कप धरला तर अर्धा चहा बशीत आणि उरलेला सदऱ्यावर. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी खेळाच्या सामानाचं दुकान आहे, तिथे पाच मिनिटांचं काम. बॅट उलट टपाली परत करत आहे.

राग उतरला की खालचा लोभ पाठव.

तुझा धाकटा

वन्सं, हे माझं. टपालात टाकायचं काम माझ्याकडे आहे आणि मला बॅट पाठवायला वेळ झालेला नाही. होणारही नाही. आज सकाळी शिकंजावरचे टॉवेल त्यांनी स्वतः उचलले. माझं लक्ष नव्हतं, असं मी दाखवलं.

२२ जून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

बॅट पोहोचली. टवका बसला आहे, पण वाकडा. चेंडू तिथे लागला की भलत्याच पत्त्यावर जातो. हे मी सहन केलं असतं.

पण तू रबर खळीने चिकटवलंस? पिठाच्या खळीने? बॅट म्हणजे काय हजेरीपट आहे? दुसऱ्या गेममध्ये रबराखालून मुंग्यांची रांग निघाली. डॉक्टरीणबाईंनी सर्व्हिस थांबवली आणि लेखी हरकत घेतली, की खेळाडूने बॅटीत सजीव बाळगू नयेत. नियमांच्या पुस्तकात असं कलम नाही, हे मी पान उघडून दाखवलं. तरी सामना पुढे ढकलला. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, मुंगीपासून शिका. मुंगी पाळा असं त्या कधीही म्हणाल्या नव्हत्या.

बॅट परत पाठवत आहे. पंक्चरवाल्याकडे मिळतं ते सोल्युशन वापर. सामना अकरा जुलैला आहे. दुकानात मी जाणार नाही, पुन्हा सुचवू नकोस.

आशीर्वाद खरे आहेत, बाकी सगळा राग.

ताई

१ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. मीच लिहितो आहे. दोन दिवस लागले. बायकोला सांगून लिहून घेण्यासारखा मजकूर नाही.

खळीची चूक कबूल. चाळीस वर्षांची सवय. हात थरथरला तरी खळीच्या वाटीकडेच गेला.

आता दुसरं. जुनी पुस्तकं उसवण्यात माझा जन्म गेला. काय सुटलं आणि काय सोडवलं, एवढं मला कळतं. टवका आपटून उडाला होता, ते खरं. पण पहिल्यांदा बॅट आली तेव्हा रबराच्या कडेवर सुरीच्या दात्यांच्या खुणा होत्या. टेबलाच्या काठाला दाते नसतात, ताई. शिवाय आत जॅमचा डाग होता. मी पुसला, पण कोपऱ्यातला राहिला असावा. तेव्हा मुंग्या माझ्या खळीला लागल्या की तुझ्या जॅमला, याची क्लबने चौकशी करावी.

सोल्युशन लावून बॅट दोन दिवस शिकंजात ठेवली. टॉवेल आता दोरीवर वाळतात. शेजारचे मास्तर त्यांचा फाटका शब्दकोश ठेवून गेले आहेत. मी हो म्हटलेलं नाही. परतही केलेला नाही.

टवका सरळ करायचा असेल तर कळव.

तुझा धाकटा

१३ जुलै

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आरोपांना उत्तर देणं मला कमीपणाचं वाटतं. माझ्या घरात जॅम नाही. होता तो संपला.

सामना झाला. शेवटच्या गेममध्ये डॉक्टरीणबाईंनी जोरात मारलेला चेंडू तुझ्या वाकड्या टवक्यावर लागला, वर उडाला, जरा विचारात पडला आणि त्यांच्या बाजूच्या कोपऱ्याला चाटून गेला. त्यांनी बॅट तपासायला मागितली. सजीव सापडले नाहीत. मी तीन-दोनने हरले, पण त्या पॉइंटवरून बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. टवका सरळ करायचा नाही. त्याचं नि माझं जमत आलं आहे.

तुझं अक्षर भयंकर आहे. सिस्टरांनी पट्टीने बोटं फोडली असती. यापुढे तुझ्या बायकोच्या अक्षरातलं पत्र आलं, तर न उघडता परत करीन. शब्दकोशाचं काय झालं ते याच भयंकर अक्षरात कळव.

लोभ वर आला आहे, बघ.

तुझी ताई

ता. क. काळं रबर कालपासून सुटू लागलं आहे. आपोआप. बॅट उद्याच्या टपालाने येईल. सुरी धुऊन घेतली होती.