मंजीचा रोल

१२ नोव्हेंबर १९६१, देऊळघाट
सात वर्षांच्या पोरीला कॅमेरा शिकवणारा माणूस येडा, असं बाबा म्हणाले. कॉलेज अर्ध्यावर सोडणारा तर त्याहून येडा. म्हणू देत. प्रिन्सिपॉलची माफी मागितली नाही, यांचीही मागणार नाही.

मामानं मिलिटरीतून आणलेला काळा डबा. पोटाशी धरायचा, वरून काचेत पाहायचं. मंजीला म्हटलं, सूर्य पाठीशी ठेव. ते पटलं. पण काचेत सगळं उलट दिसतं, ते काही पटेना. बैल डावीकडे चालला की डब्यात उजवीकडे जातो. ती त्याच्यामागे डबा फिरवते आणि बैल निसटतो.
"सहदेवदादा, तुहा डबा खोटं बोलते."

१५ नोव्हेंबर
पानाशी खरं बोलायला काय हरकत आहे? मंजीला शिकवतो ते वच्छलासाठी.

मंजी म्हणजे नारायणराव देशमुखांची नात, वच्छला तिची आत्या. चौथीपर्यंत वच्छला माझ्या वर्गात होती. मग गोषा. देशमुखांच्या बायका परक्या पुरुषासमोर येत नाहीत, त्यांच्या बैलगाडीलासुद्धा पडदा. नऊ वर्षांत तिला दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा पडद्याच्या फटीतून तिनंही पाहिलं, माझ्याकडे. पाहिलंच! अकोल्याला हॉस्टेलात पुस्तक उघडलं की ती फट दिसायची.

मला त्या घरात जाता येत नाही. मंजीला येतं. आणि मंजीच्या पोटाशी डबा असेल.

२३ नोव्हेंबर
पहिला रोल बुलडाण्याहून धुऊन आणला. स्टुडिओवाले रहेमतुल्लाचाचा एकेक फोटो पालथा टाकत गेले. "क्यों मियाँ, तुम्हारे गाँव में किसी को मुंडी नहीं क्या?"

आठांतले सात बिनमुंडक्याचे. आठवा आईचा. अंगणात कापसातला कचरा वेचता वेचता आई हसतेय. माझ्याकडे बघून ती अशी कधी हसली, आठवत नाही. मी दहा रोल वापरलेत, असा एक फोटो मला आला नाही.

मंजीला आता माणसापासून दहा पावलं मोजून मग फोटो काढायला सांगितलंय. तिची दहा म्हणजे माझी सहा. खटका दाबताना श्वास धरायचा. ती इतका धरते की लालबुंद होते.

२ डिसेंबर
आज तिनं बैल पकडला. न सांगता डबा उलट्या बाजूला वळवला.

९ डिसेंबर
डोकं फिरलंय. सोनाळ्याचं स्थळ आलंय, त्यांना वच्छलाचा फोटो पाहिजे. तिला स्टुडिओत नेता येत नाही, फोटोवाल्याला घरात घेता येत नाही. वच्छलाची आई विमलबाई, त्यांनी तोड काढली. फोटो मंजी काढेल. धुवायला बाहेर गेला तरी चालेल, कागदावरच्या बाईला गोषा नसतो म्हणे!

मंजी पळत आली. "आजीनं मले सांगतलं फोटो काढाले. बाबाईले नाही, काकाले नाही, मले. रोल दे."

माझा डबा, माझी शिष्या, आणि माझ्याच वच्छलाला सोनाळ्याला धाडायचं. नाही म्हणायला तोंड उघडलं. ती तोवर अंगणात दहा पावलं मोजून पाहत होती. दिला रोल.

११ डिसेंबर
मंजीनं रोल फडक्यात गुंडाळून आणला, दोन्ही हातांत धरून. "आठही आत्याचे. सगळ्याईले मुंडकं हाय."

मी म्हटलं, उद्या बुलडाण्याला नेतो.

नेणार नाही. वच्छलाला कोणी विचारलं? त्या घरात बाईला विचारतात कधी? पडद्याआडून उचलायची आणि गाडीत घालायची. मी हे होऊ देणार नाही, मग कोणाला काय वाटायचं ते वाटो.

दुपारी माळावर गेलो. रोलचा कागद सोडला, फिल्म पार टोकापर्यंत ओढली आणि उन्हात धरली.

आठ वच्छला होत्या त्यात. एकही पाहिली नाही.

१४ डिसेंबर
मंजीला सांगितलं, रोल खराब निघाला.
"माह्यामुळं?"
मी गप्प बसलो. लिहितानाही लाज वाटते. गप्प बसलो.

विमलबाईंनी तिला चापट मारली म्हणे. घरात आता तिला फोटोवाली म्हणून चिडवतात. डबा समोर ठेवला तर हात लावेना.
"मले नाही येत."
"येते वं तुले."
"मंग आत्या काऊन नाही उमटली?"

१७ डिसेंबर
सरळ देशमुखांच्या ओट्यावर गेलो. नारायणराव सुपारी कातरत होते. "ये रे, किसनरावच्या पोरा. कॉलेजवाल्यानं हाकलून देल्लं म्हणते तुले?"

म्हटलं, "रोल मंजीनं नाही बिघडवला. मी उन्हात धरला. मुद्दाम."
अडकित्ता थांबला. "काऊन?"
"तुम्ही वच्छलाले विचारलं नाही, म्हणून."

बाजूचे दोन गडी उठले. नारायणराव बसूनच राहिले. "अन् तुले तिनं सांगतलं का बे, मले वाचव म्हणून?"

मान खाली घातली नाही. पडद्यामागं बांगड्या वाजल्या. नारायणराव म्हणाले, "चाल, उतर खाली. पुन्हा या ओट्यावर दिसला तर पाय मोडीन." उतरलो. मोडायचा तर मोडू दे.

मंजी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. त्यासाठीच गेलो होतो.

२० डिसेंबर
मंजीनं कुंपणाबाहेर उभं राहून आत्याचा निरोप म्हणून दाखवला, पाढे म्हणावेत तसा. "सोनाळ्याचा पोरगा माह्या मामाच्या शेजारचा. मले तो पयलेपासून पसंत हाय. फोटो त्यानंच मांगतला, सोताजवळ ठेवाले. दुसरा रोल दे, मंजीच काढीन."

रोल दिला, सोबत डबाही. उद्या संध्याकाळी घेऊन ये, म्हटलं, परवा सकाळी धुवायला नेतो.

"मी बी येतो बुलडाण्याले," मंजी म्हणाली. "रोल माह्या हातात राहीन."