चौदाचं मॉडेल

२८ सप्टेंबर

पुन्हा बंद! भर चौकात, हिरवा सिग्नल लागल्यावर. मागे हॉर्नवर हॉर्न. लाल 'स्पोर्ट्स' गाडी ढकलतोय माझा नवरा, आणि पदर खोचून मी! फेब्रुवारीत घेतल्यापासून ही चौथी वेळ. शेखरला म्हटलं, विकून टाका. "पाहू," म्हणाला. पाहू!

२९ सप्टेंबर

धर्मेंद्र मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये दुपार गेली. पाण्याचा पंप गेलाय, म्हणून इंजिन तापतं. तात्पुरता दुरुस्त करून दिला, पण तोही चक्रावला. "वैनी, या गाडीच्या पयल्या दोन सालांत हा पंप कच्चा होता. तेरापासून बदलला. सोळाची एक येते माह्याकडे, नुसतं ऑइल बदलतो. तुमची तं चौदाची, मंग हे काहून होऊन राहिलं?"

मला काय विचारतो! चंदननं अकोल्याहून मिळवून दिलेली गाडी. माझा धाकटा भाऊ, जुन्या गाड्यांच्याच धंद्यातला. त्यानं पारखूनच दिली असणार. शेखरलाच चालवता येत नाही— हेही बोलून झालं.

७ ऑक्टोबर

आज चालली. लिहून ठेवते.

१४ ऑक्टोबर

हद्द झाली! सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, अकोल्याला, अकराची वेळ. मूर्तिजापूरच्या अलीकडेच बोनेटमधून वाफा. उन्हात म्हातारं माणूस डोक्यावर पदर ओढून रस्त्याच्या कडेला बसलेलं. शेवटी फुलकोबीचा एक टेम्पो थांबला. "याच्यात पाय तरी लांबोता येते," सासूबाई म्हणाल्या.

पोहोचलो तोवर डॉक्टर निघून गेलेले. आता तारीख दिवाळीनंतरची.

दवाखान्यात, सगळ्यांदेखत शेखरला बोलले— "एक गाडी धड पाहून घेता आली नाही तुमाले!" आवाज चढलाच माझा. तो खाली पाहत उभा.

१९ ऑक्टोबर

दिवाळीची आवराआवर. गाडीच्या खणात आरसीचं कार्ड सापडलं. नोंदणी २०१४. आणि बनल्याचं साल— २०११! तीन वर्षं कुठंतरी पडून होती बया. म्हणजे धर्मेंद्र म्हणतो तोच कच्चा पंप!

कार्ड शेखरपुढे आपटलं. "एवढंही वाचलं नाही?" कार्ड उचललं, खिशात ठेवलं, बाहेर निघून गेला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

चंदनला ओवाळलं. मग सहज म्हटलं, "तुलेही फसवलं पाह्य त्या जुन्या मालकानं. गाडी अकराची निघाली." तो मान वर करेना.

"ताई, मले माहीत होतं. खपत नव्हती, म्हणून चौदाची सांगितली. भाऊजींले दुसऱ्याच दिवशी कार्ड पाहून समजलं. मी हात जोडले. ते म्हणे, रागिणीले सांगू नको. तिले एकच तं भाऊ आहे."

स्वयंपाकघरात येऊन लिहितेय. बाहेर शेखर त्याला आग्रह करकरून चिवडा वाढतोय. मला बाहेर जाता येईना.